बारडोलीच्या घरांची साक्ष



बारडोलीत मराठी व्याख्यान ठेवलं याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, इथल्या माणसाला वाटू नये. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅलीची गाडी बारडोली, मढी, व्यारा, सोनगड करत नवापूर-नंदुरबारला पोचते आणि तशीच पुढे अमळनेर-जळगावला जाते. सोनगडचा किल्ला गायकवाडांचा. बारडोली तालुका इंग्रजी अंमलात होता, पण त्याला लागून असलेले व्यारा, महुवा, पलसाणा हे भाग बडोदे संस्थानात मोडत. उसाच्या हंगामात खानदेशातून माणसं अजून इथे येतात. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे शिक्षक होते, असं संयोजकांनी मला सांगितलं. म्हणून आजचा विषय मी थोडा वर्गात शिकवावा तसा मांडणार आहे.

विषय असा : गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी एखादं जुनं घर दुरुस्त करायचं आणि सांभाळायचं ठरवलं, तर त्यांनी नेमकं काय करावं? तुमच्यातले काही जण अशी संस्था उभी करण्याच्या विचारात आहेत, असं कळलं. त्यांच्यासाठी माझं म्हणणं आधीच एका वाक्यात सांगून टाकतो. जुनं घर हा पुरावा असतो, आणि पुरावा राखणाऱ्याचं पहिलं कर्तव्य म्हणजे त्यात फेरफार होऊ न देणं. घर सुंदर दिसणं, पाहुण्यांना आवडणं, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येणं हे सगळं त्यानंतर.

हे सांगायला बारडोलीइतकी योग्य जागा दुसरी नाही. या तालुक्याचा सारावाढीविरुद्धचा सगळा झगडाच एका अर्थी घरांवरून सुरू झाला. १९२५ साली डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांनी तालुक्याच्या फेरआकारणीचा अहवाल दिला. हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत. नावसाधर्म्यामुळे घोटाळा होतो. जमीनमहसूल ३० टक्क्यांनी वाढवावा, अशी त्यांची शिफारस होती. वाढीसाठी दिलेल्या कारणांत ताप्ती व्हॅली रेल्वे होती, पिकांचे वाढलेले भाव होते, गुरांची आणि माणसांची वाढलेली संख्या होती, आणि एक कारण होतं तालुक्यात दिसणारी पक्की, चांगली घरं. घरं पक्की, त्या अर्थी शेतकरी सुखी. शेतकरी सुखी, त्या अर्थी जमीन जास्त सारा देऊ शकते, असा हा हिशेब.

हिशेब वरवर बिनचूक दिसतो. पण त्या घरांत पैसा कुठून आला होता? बारडोली तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दक्षिण आफ्रिकेत गेली होती. तिथे दुकानं चालवून, मजुरी करून साठवलेला पैसा इथे आला आणि त्याच्या विटा, सागवान, कौलं झाली. घर बारडोलीच्या जमिनीवर उभं होतं, पण बारडोलीच्या जमिनीनं ते बांधलं नव्हतं. नरहरी परीख यांनी अहवालाचा बारकाईनं समाचार घेणारे लेख लिहिले. अधिकाऱ्याला घरं दिसली. त्या घरांची जबानी काही कुणी घेतली नाही, हा सगळ्या टीकेचा रोख होता. सरकारनं ३० टक्के खाली आणले, पण २२ टक्क्यांच्या आसपासच. पुढचं तुम्हाला माहीत आहे. १२ फेब्रुवारी १९२८ला सत्याग्रह सुरू झाला.

त्या सत्याग्रहात घरानं काय काम केलं, ते पाठ्यपुस्तकात फारसं येत नाही. सारा न भरल्यावर सरकारच्या हाती जप्तीचं हत्यार होतं. जप्तीवाले येत ते दिवसाउजेडी, आणि त्यांचा डोळा असे गुरांवर, विशेषतः म्हशींवर. म्हणून गावंच्या गावं दिवसभर दाराला कुलूप लावून बसू लागली. अधिकारी येताना दिसला की ढोल वाजे आणि दारं बंद होत. माणसं आणि म्हशी एका छपराखाली कोंडून घेत. पाणी भरणं, गुरांना बाहेर काढणं, देवाणघेवाण, सगळे व्यवहार अंधार पडल्यावर. ऐन उन्हाळ्यात, बंद खिडक्यांच्या घरात, शेणामुताच्या वासात बायका आणि मुलं महिनोन्‌महिने राहिली. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन पटेल यांसारख्या कार्यकर्त्या घराघरांत जाऊन स्त्रियांशी बोलत, कारण लढा स्वयंपाकघरात टिकला तरच शेतात टिकणार होता. या लढ्याचे नेते वल्लभभाई पटेल यांना ‘सरदार’ हे नाव याच तालुक्यानं दिलं, आणि ते देण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता, असं सांगितलं जातं. त्या स्त्रियांनी लढा जिथून लढवला ती जागा म्हणजे घराचा ओटा, गोठा आणि आतली खोली.

म्हणजे ज्या पक्क्या घराकडे बोट दाखवून सारा वाढवला, त्याच पक्क्या घराच्या जाड दारामागे सत्याग्रह टिकून राहिला. ६ ऑगस्ट १९२८ला तडजोड झाली आणि चौकशी समिती नेमली गेली. न्यायखात्याचे ब्रूमफिल्ड आणि महसूलखात्याचे मॅक्सवेल असे दोन अधिकारी तीत होते. १९२२च्या मार्चमध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच हे ब्रूमफिल्ड. शेतकऱ्यांची बाजू मांडायला महादेवभाई देसाई, नरहरी परीख आणि रामनारायण पाठक होते. समिती गावोगाव फिरली. तिनं कागद तपासले, माणसांना प्रश्न विचारले, आधीच्या अहवालाची पडताळणी केली. शेवटी सांगितलं की वाढ फार तर सहा टक्क्यांच्या आसपास योग्य ठरते. बाविसाचे सहा झाले. साक्ष नीट घेतली तर आकडा कसा बदलतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्या महसुलाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

म्हणून म्हणतो, बारडोलीत घराला पुरावा म्हणणं हा अलंकार नाही. ते इथे एकदा रीतसर घडून गेलेलं आहे.

आता त्या घरांची आजची अवस्था पाहू. सगळ्यांत ठळक वास्तू अर्थात स्वराज आश्रम. असहकाराच्या दिवसांत, १९२१-२२च्या सुमारास, या तालुक्यात बारडोली, सरभोण, मढी आणि वेडछी अशी विधायक कामाची ठाणी उभी राहिली. बारडोलीचा आश्रम हे त्यातलं मुख्य. चौरीचौऱ्यानंतर १९२२च्या फेब्रुवारीत काँग्रेस कार्यकारिणीनं सामुदायिक कायदेभंग स्थगित केला, तो बारडोलीतच. १९२८ला लढ्याची सूत्रं इथूनच हलली. पुढे कायदेभंगाच्या काळात सरकारनं आश्रमाचा ताबाही घेतला. १९४१च्या डिसेंबरात गांधीजी सेवाग्रामहून इथे यायला निघाले, तेव्हा वाटेत गाडीत त्यांनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेची प्रस्तावना लिहिली. तिच्याखाली बारडोलीच्या वाटेवरची १३ डिसेंबर ही तारीख आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस मौलाना आझादांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारिणी इथे बसली आणि युद्धकाळातल्या धोरणावर खल झाला. सरदारांच्या वास्तव्याची जागा आणि त्यांच्या आठवणींचं संग्रहालय आश्रमात आहे. शंभर वर्षं ओलांडलेली ही वास्तू आहे आणि तिला नाव आहे, म्हणून तिच्याकडे लक्ष जातं.

पण सत्याग्रह आश्रमात झाला तेवढाच गावात झाला. सरभोण, वराड, मढी, वालोड, बुहारी इथे छावण्या होत्या. छावणीचा कारभार कुणाच्या तरी घरातून, ओसरीतून, धर्मशाळेतून चाले. ती घरं आज कुठे आहेत? काही पाडली गेली आणि त्यांच्या जागी सिमेंटचे बंगले आले. काही उभी आहेत, पण मालक न्यूझीलंडमध्ये किंवा अमेरिकेत. १९२८ला जप्तीच्या भीतीनं दाराला कुलूप होतं, आज परदेशगमनामुळे आहे. जप्तीचं कुलूप रात्री निघत असे. आजचं कुलूप दोन-तीन वर्षांनी लग्नकार्याला निघतं, आणि तोवर आत वाळवीनं आपलं काम केलेलं असतं.

घर कशानं मरतं, हे इथे थोडं तपशिलात सांगतो, कारण संस्थेचं निम्मं काम हे समजण्यात आहे. पहिलं कारण पाणी. दक्षिण गुजरातचा पाऊस जोरदार. पन्हळीत पानं अडकली, एक कौल सरकलं, की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. तिथे वाशाचं आणि तुळईचं टोक भिंतीत पुरलेलं असतं. डांगांतला साग कितीही टिकाऊ असला तरी भिंतीतलं ओलं टोक कुजतं. ते वरून दिसत नाही. एक दिवस तुळई खचते आणि लोक म्हणतात, घर एकाएकी पडलं. घर एकाएकी पडत नाही. दहा-पंधरा पावसाळे ते पडत असतं.

दुसरं कारण खालून येणारी ओल. इथली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे जोत्याला तडे जातात. त्यात १९५०च्या दशकात काकरापारचे कालवे आले, मागून उकाई धरण झालं, आणि ऊस हे मुख्य पीक झालं. कालव्यांनी हा भाग संपन्न केला यात शंका नाही. पण काही ठिकाणी जमिनीत पाणी साचून राहू लागलं, आणि ज्या घरांचं जोतं कोरडवाहू गावासाठी बांधलेलं होतं त्यांच्या भिंतीत ओल चढू लागली. ओलीबरोबर क्षार येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचा भुगा होऊ लागतो.

आणि तिसरं कारण आपण स्वतः. लोणा दिसला की आपण सिमेंटचा गिलावा मारतो. जुन्या भिंतीत चुना असतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल बाहेर पडत नाही, वर सरकते. दोन फुटांवरचा लोणा चार फुटांवर जातो आणि सागाच्या टोकापर्यंत पोचतो. पाच वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा सुटतो, आणि येताना जुन्या विटेचा थर घेऊनच येतो. चुना भिजवून निववायला दिवस लागतात, तो मळायला आणि लावल्यावर ओला ठेवायला माणूस लागतो, आणि ते जाणणारे गवंडी कमी होत चालले आहेत. सिमेंटची गोणी मात्र नाक्यावर मिळते. कित्येक वास्तू अशा सोयीपोटी गेल्या.

स्मारक म्हणून मान मिळालेल्या घरांना आणखी एक धोका असतो : भक्तीचा. जयंतीच्या आधी रंगरंगोटी होते. पावसाच्या आधी कौलं चाळली जात नाहीत. रंगावर रंग चढत जातो. खाली मूळ भिंत कोणत्या रंगाची होती, खिडकीची चौकट कधी बदलली, फरशी कोणत्या साली आली, याचा पत्ता कुणालाच राहत नाही. देणगीदाराला कोनशिला हवी असते, आणि पन्हळीवर कोनशिला बसत नाही. म्हणून मोठ्या जीर्णोद्धाराला पैसे मिळतात आणि दरवर्षीच्या शंभर किरकोळ कामांना मिळत नाहीत.

हा अनुभव नवा नाही. जॉन रस्किन यांचं ‘अन्टु धिस लास्ट’ गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून डरबनला जाताना आगगाडीत वाचलं आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली, हे आपण सगळे जाणतो. त्याच रस्किननी १८४९ साली स्थापत्यावरच्या आपल्या ग्रंथात ठासून मांडलं होतं की जुनी इमारत ‘पूर्ववत’ करण्याच्या नावाखाली तिचा नाश होतो. छपराकडे आणि पन्हळींकडे वेळीच लक्ष दिलं तर तशी पाळी येणार नाही. त्यांच्या विचारांवर वाढलेल्या विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. रोजची निगा हाच ऱ्हासावरचा खरा इलाज, हे तिचं सूत्र आजही जगभर मान्य आहे. ज्या विचारवंतानं गांधीजींना श्रमाची प्रतिष्ठा शिकवली, त्याचंच घरांविषयीचं सांगणंही शेवटी श्रमाविषयीचं आहे : शिडी लावा, वर चढा, पानं काढा.

हे सूत्र आपल्याकडे पाळलेलं पाहायचं तर सेवाग्रामला जावं. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. स्थानिक साहित्यात आणि स्थानिक कारागिरांच्या हातून, कमी खर्चात घर व्हावं, असा त्यांचा आग्रह होता. बापूकुटी मातीची, बांबूची, कौलांची आहे. मातीचं घर दरवर्षी हात मागतं. सारवण, लिंपण, कौलं चाळणं यांतून सुटका नाही. पण याच कारणानं ते टिकलं आहे, कारण त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सोयच नव्हती. दगडी वाड्याची हेळसांड वीस वर्षं लपते. मातीच्या कुटीची एका पावसाळ्यात उघडी पडते.

घर सांभाळणं आणि घराची खरी गोष्ट सांगणं ही दोन कामं वेगळी आहेत, आणि पहिलं उत्तम करणारी संस्था दुसऱ्यात कमी पडू शकते. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन हे घर मोडकळीला आलं होतं. सरकारनं ते घेतलं नाही. १८५३ साली ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी स्त्रियांची संस्था उभारली, वर्गणी गोळा केली आणि १८५८ साली दोन लाख डॉलरला घराचा सौदा केला. ती संस्था ते घर आजही चालवते. स्थानिक आणि स्वयंसेवी प्रयत्न किती टिकतो याचं हे आदर्श उदाहरण. पण त्या मळ्यावर तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. त्यांच्या दफनभूमीवर पहिली खूण १९२९ साली बसली आणि नीटसं स्मारक व्हायला १९८३ साल उजाडलं. घराचा खांबन्‌खांब जपला गेला. ज्यांच्या हातांनी ते घर चाललं त्यांची नोंद मात्र सव्वाशे वर्षं मागे पडली.

बारडोलीला हे उदाहरण फार जवळचं आहे. इथल्या पाटीदार घराची शेती हळपती समाजाचे शेतमजूर करत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी माणूस मालकाकडे ‘हाळी’ म्हणून बांधला जाई आणि ते कर्ज सहसा फिटत नसे. १९२८चा सत्याग्रह जमीनधारकांच्या साऱ्याचा होता. हळपतीला सारा नव्हताच, कारण जमीनच नव्हती. जुगतराम दवे यांनी वेडछीत हळपतींसारख्या समाजांमध्ये जन्मभर काम केलं. १९३०च्या दशकाच्या शेवटी हाळी प्रथा संपवण्याचे करारही झाले. तरी दारिद्र्य संपलं नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत राहून हे बदलतं नातं अभ्यासलं. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला खानदेशातून येणाऱ्या मजुरांवरही त्यांनी लिहिलं आहे. हे मजूर पालात राहतात. त्यांचं जपावं असं घर इथे नाही, आणि हळपतीची कुडाची झोपडीही शंभर वर्षं टिकत नाही. मग त्यांचा इतिहास जपायचा कुठे? उत्तर एकच : मालकाच्या घरात. माळ्यावरच्या ज्या वहीत लग्नाच्या उचलीची नोंद आहे, ती वही त्या घराचाच भाग आहे. देवघर दाखवणाऱ्या संस्थेनं ती वहीही दाखवली पाहिजे. सत्याग्रहींचा मोठेपणा त्यानं कमी होणार नाही. बघणाऱ्याचा विश्वास वाढेल.

वहीचं निघालं म्हणून राजवाड्यांचं नाव घेतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे बावीस खंड प्रसिद्ध केले, त्यांतले कागद बहुतेक घराघरांतून, माळ्यांवरून, बासनांतून मिळालेले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते याच कामासाठी. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. धुळं तापीच्या खोऱ्यातलं, आणि बारडोलीही तापीपासून दूर नाही. जिल्ह्याच्या गावानं, स्वतःच्या बळावर, कागद जपणारी संस्था उभारली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवली, हे तुमच्या शेजारीच घडलेलं आहे.

इथे एक सावधगिरीही सांगतो. सगळंच जपायचं नसतं. १९३८ची हरिपुरा काँग्रेस याच परिसरात, तापीकाठी भरली. सुभाषबाबू अध्यक्ष होते. बांबू, तट्ट्या आणि गवताचं ‘विठ्ठलनगर’ उभं राहिलं, नंदलाल बोसांनी गावकऱ्यांच्या जीवनावर चित्रफलक रंगवले, आणि अधिवेशन संपल्यावर नगर उठलं. ते उठण्यासाठीच होतं. त्याची प्रतिकृती बांधण्यात अर्थ नाही. चित्रं संग्रहालयात आहेत, तेवढं पुरे. दांडीचा सैफी व्हिला मात्र वेगळा. ५ एप्रिल १९३०ची रात्र गांधीजींनी ज्या घरात काढली ते घर दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंचं होतं, आणि १९६१ साली सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी ते देशाला दिलं. घर उभं आहे, मालकानं मनानं दिलं आहे, घटना पक्की आहे. असं घर जपलंच पाहिजे. काय जपावं आणि काय जाऊ द्यावं हे ठरवण्याचा विवेक संस्थेपाशी हवा.

आता प्रत्यक्ष काम. माझ्या मते स्थानिक संस्थेनं पहिली दोन वर्षं एकही वीट हलवू नये. आधी यादी करावी : तालुक्यात १९२८च्या आधीची घरं कोणती, कुणाची, कुठल्या पैशानं बांधलेली, सत्याग्रहात त्यांचं काय झालं. आफ्रिकेहून आलेली पत्रं, जमीन खालसा करण्याच्या नोटिसा, पावत्या, जुने फोटो जिथे आहेत तिथेच नोंदवावेत आणि मालकाच्या परवानगीनं त्यांच्या प्रती काढाव्यात. घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी आधी बोलावं, कारण कुठली खोली कशासाठी होती हे त्यांनाच ठाऊक असतं. प्रत्येक घराचा मोजून नकाशा काढावा. सुरतेत स्थापत्याचे विद्यार्थी आहेत. त्यांना हे काम शिकायला हवंच आहे.

मग निगा. तिचं वेळापत्रक तीन ओळींत बसतं. वैशाखात कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, जोत्याभोवतीची माती हटवायची म्हणजे वाळवीची नळी दिसते. श्रावणात आत फिरून कुठे ओल आली ते खडूनं खुणावायचं. कार्तिकात, भिंती सुकल्यावर, तेवढ्याच जागी दुरुस्ती करायची : चुन्याच्या जागी चुना, सागाच्या जागी साग. नवं लाकूड घातलं तर त्यावर साल कोरायचं, म्हणजे उद्याचा अभ्यासक फसणार नाही. या सगळ्याची दुरुस्ती-वही ठेवायची. तीत गवंड्याचं आणि सुताराचं नाव असलंच पाहिजे.

पैशाचा प्रश्न विचारला जाईल, तो रास्त आहे. निगेला जीर्णोद्धाराच्या मानानं थोडाच पैसा लागतो. तो फक्त दरवर्षी लागतो. म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा छोटी, कायमची वर्गणी बरी. सरकारनं का करू नये, असंही विचारतील. कायद्यानं संरक्षित स्मारक झालं तर चांगलंच आहे, त्यासाठी अर्ज जरूर करावा. पण सरकारी यादीत येईपर्यंत पाऊस थांबत नाही, आणि यादीत आल्यावरही पन्हळीतली पानं काढायला दिल्ली-गांधीनगरहून कुणी येणार नाही. शेजाऱ्यालाच यावं लागतं. हेच स्थानिक संस्थेचं खरं बळ आहे : ती जवळ असते.

परदेशी असलेल्या मालकांना माझं एक सांगणं आहे, आणि इथले नातेवाईक ते त्यांच्यापर्यंत पोचवतील अशी आशा आहे. घर विकू नका किंवा दान करा, असं मी म्हणत नाही; घर तुमचं आहे. एक किल्ली गावात ठेवा आणि वर्षातून तीन वेळा दार उघडण्याची लेखी परवानगी संस्थेला द्या. पाडायचंच ठरलं, तर पाडण्याआधी नकाशा आणि फोटो काढू द्या आणि माळ्यावरचे कागद बघू द्या. तुमच्या आजोबांनी डरबन किंवा जोहान्सबर्गला कष्ट करून हे घर उभं केलं. त्या कष्टांचा एकदा चुकीचा अर्थ लावला गेला आणि सगळ्या तालुक्याला त्यासाठी लढावं लागलं.

२०२८ साली बारडोली सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. समारंभ होतील, भाषणं होतील, कदाचित निधीही येईल. निधी येईल तेव्हा कंत्राटदारही येईल, आणि कोणतं घर खरं, त्यातलं काय मूळचं, काय नंतरचं, हे सांगायला कागद हातात नसेल तर तो त्याला वाटेल तसं ‘जुनं’ घर बांधून देईल. ते टाळायचं तर यादी, नकाशे आणि दुरुस्ती-वह्या त्याआधी तयार असल्या पाहिजेत. माझी विनंती एवढीच की आज सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी तुमच्यातल्या पाच जणांनी नावं द्यावीत, येत्या पावसाळ्याआधी एका मालकाची परवानगी घ्यावी आणि एका घरापासून काम सुरू करावं. चुना मळणारा गवंडी आधी शोधा; अध्यक्ष नंतर निवडला तरी चालेल.